गावाला पुन्हा विचारायचं

२० ऑक्टोबर २०१८, शनिवार

पाय ठणकतायत, पण काय दिवस! लंडनमध्ये एवढी माणसं एका जागी मी जन्मात पाहिली नव्हती. मागणी एकच — युरोपच्या संघातून बाहेर पडायच्या आधी पुन्हा सार्वमत घ्या. थॉर्नहिथमधून आम्ही दोघीच गेलो, मी आणि शेजारची डॅफ्नी. फलक तिने रंगवला होता: ‘कृपया आम्हाला पुन्हा विचारा.’ ‘कृपया’ मी घालायला लावलं. रागावलो म्हणून काय झालं, रीत सोडायची नाही.

विम आला नाही. होडीला रंगाचा दुसरा हात द्यायचाय म्हणाला. ऑक्टोबरच्या या दमट हवेत रंग! पण नवऱ्याच्या कामात मी नाक खुपसत नाही.

२१ ऑक्टोबर, रविवार

हे सगळं मी कशासाठी करतेय, ते एकदा लिहूनच ठेवते. विमसाठी करतेय.

एक्केचाळीस वर्षांपूर्वी तो हॉलंडहून होडी घेऊन आला, शीड फाटलं म्हणून आमच्या धक्क्याला थांबला, आणि मग माझ्यामुळे राहिला. गावातल्या निम्म्या होड्या त्याच्या हातच्या आहेत. पासपोर्ट बदलायचं कधी सुचलंच नाही. म्हणून २०१६च्या सार्वमतात त्याला मत नव्हतं. सगळ्यांनी त्याच्याबद्दल ठरवलं आणि तो घरी बसून रेडिओ ऐकत होता. आता म्हणे इथे राहायचं तर त्याने अर्ज करायचा. स्वतःच्या घरात राहायला अर्ज!

त्याची बहीण दर रविवारी हॉलंडहून फोन करते. तिच्या शेजारचं घर रिकामं झालंय. विम नुसता ‘हं’ म्हणतो. तो ‘हं’ मला आवडत नाही. गावाला तू हवा आहेस, हे मला त्याला दाखवून द्यायचंय. एकदा गाव त्याच्या बाजूने उभं राहिलेलं दिसलं की बहिणीने खुशाल वर्षभर फोन करावा.

२३ ऑक्टोबर

डॅफ्नीने कमाल केली! कायद्यातून शोधून काढलं — गावसभेत दहा मतदार उभे राहिले की गावाचं मतदान घ्यावंच लागतं. चार ते नऊ मतपेटी ठेवतात. घरी मतदानाचं कार्ड येत नाही, टपालाने मत देता येत नाही. निकाल कुणावर बंधनकारक नाही, पण वर्तमानपत्रात छापून येतो, खासदाराच्या टेबलावर ठेवता येतो.

आणि खरी गंमत पुढेच. याला स्थानिक निवडणुकीची यादी लागते, आणि त्या यादीत विमचं नाव आहे. म्हणजे विम मत देऊ शकतो!

चहाच्या वेळी त्याला सांगितलं. कप बशीत जरा फिरवला आणि म्हणाला, “असं?” आनंद झाला तरी हा माणूस एवढंच बोलतो.

२५ ऑक्टोबर

गावसभा. दहा हवे होते, एकोणीस उभे राहिले! प्रश्न ठरला: पुन्हा सार्वमत घ्यावं का, हो की नाही.

अध्यक्षपदी क्लिफर्ड गॅरड. विमचा सगळ्यात जुना मित्र, दर बुधवारी दोघं मिळून होडी खरवडतात. बाहेर पडायच्या बाजूने मत दिलं हे त्याने विमला तोंडावर सांगितलं होतं, तेवढा तो सरळ आहे. आज म्हणाला, “एकदा विचारलं, लोकांनी सांगितलं. आवडलं नाही म्हणून परत विचारायचं?”

मी सोडते काय! म्हटलं, “क्लिफर्ड, एनिडने तुला पहिल्यांदा नाही म्हटलं होतं. तू परत विचारलंसच ना?” सगळं सभागृह हसलं, त्याची बायको एनिडसुद्धा.

हसू ओसरल्यावर तो म्हणाला, “ती हो म्हणेपर्यंत विचारलं, रॉझलिंड. हो म्हटल्यावर नाही विचारलं.”

उत्तर चांगलं होतं. कबूल करायला जिवावर येतंय, पण होतं. मागे हीटरपाशी विम बसला होता, तो दोन्ही वेळा हसला नाही. त्याला मुळात अशा भरल्या सभा सोसत नाहीत.

बाहेर क्लिफर्डने मला गाठलं. हे विमवर नाही हं, विम आमचाच आहे, म्हणाला. हे वाक्य गेली दोन वर्षं मी किती जणांकडून ऐकलंय!

३ नोव्हेंबर

धक्क्याकडची सगळी घरं विचारून झाली. टिपण: आमचे चौतीस, त्यांचे एकवीस, कुंपणावरचे नऊ.

बेकरीतल्या बाईंनी पाव बांधता बांधता टोमणा मारला — तुम्हाला हवं ते उत्तर येईस्तोवर विचारतच राहणार वाटतं? मी म्हटलं, मनं बदलतात, तुमच्या पावाची चव नाही का बदलली? पाव नेहमीपेक्षा लहान मिळाला.

चर्चमागच्या म्हाताऱ्या पील्सने तर दारातच सुनावलं. आजारी माणसांना टपालाने मत नाही, आणि डच माणसाला आहे? मी तापूनच परत फिरले. घरी येऊन विमला जसंच्या तसं सांगितलं. अशी माणसं आहेत, म्हणूनच हे मतदान हवं, असंही म्हटलं. तो म्हणाला, पील्सच्या होडीचं सुकाणू आजच दुरुस्त करून दिलंय.

८ नोव्हेंबर

मत कुणाला, हे कुणाला विचारायचं नाही, हे मी घरातच शिकले. वडिलांनी आईलाही कधी सांगितलं नाही. एक्केचाळीस वर्षांत मी विमला विचारलेलं नाही, त्याने मला नाही. आता दारोदार परक्यांना विचारताना कानशिलं तापतात, तरी विचारते. घरी तरी तो प्रश्न नाही. विमचं मत मी पहिल्याच दिवशी आमच्या बाजूला मांडून ठेवलंय.

१२ नोव्हेंबर

कुंपणावरचे उरले तीन. जिंकतोय आम्ही!

१५ नोव्हेंबर, गुरुवार

मतदान. सकाळपासून रेडिओवर एकेक मंत्री राजीनामा देतोय. सरकारची ही तऱ्हा, आणि आमच्या सभागृहापुढे मात्र शिस्तीत रांग.

दाराच्या एका बाजूला मी आणि डॅफ्नी, दुसऱ्या बाजूला क्लिफर्ड, आपापल्या यादीतल्या नावांवर खुणा करत. वारा असा बोचरा की क्लिफर्डने त्याच्या थर्मासमधला चहा आम्हालाही दिला. साखर फार घालतो.

विम पावणेसहाला आला. केस विंचरलेले, नखांत रंग तसाच. आत बराच वेळ लागला त्याला. बाहेर आला, क्लिफर्डला मान हलवली, मग मला. “झालं?” मी विचारलं. “झालं,” म्हणाला.

माझे डोळे भरून आले. डॅफ्नीला सांगितलं वाऱ्यामुळे. खरं म्हणजे अडीच वर्षं वाट पाहिली मी या क्षणाची.

१६ नोव्हेंबर

एकशे एकतीस विरुद्ध सत्त्याण्णव! क्लिफर्डने निकाल खणखणीत आवाजात वाचला आणि येऊन माझ्याशी हात मिळवला. हरावं तर असं.

विमला म्हटलं, “बघ. गाव तुझ्या बाजूचं आहे.” तो म्हणाला, “अभिनंदन, रॉझ.” आणि चहा ठेवायला उठला. खासदाराला पत्र टाकलं. डॅफ्नी म्हणते आता शेजारच्या दोन गावांतही मतदान घडवून आणू. का नाही? आणूच!

१८ नोव्हेंबर, रविवार

सकाळी पावाला लोणी लावता लावता विम म्हणाला, “सत्त्याण्णवातलं एक माझं.”

मला वाटलं थट्टा करतोय.

म्हणाला, “मागच्या वेळी कुणी काय मत दिलं, ते मी शोधलं नाही. क्लिफर्डने आपणहून सांगितलं, तेवढंच. बाकीचं माहीत नाही म्हणून सगळ्यांशी नीट बोलता येतं. आणि तू दारोदार हिंडून विचारत होतीस. रोज घरी येऊन आकडा सांगत होतीस.” मग सुरी खाली ठेवली. “मला एकदाही विचारलं नाहीस.”

तो शेडकडे गेलाय. दुपारी बहिणीचा फोन येईल. त्याच्याआधी मी विचारायला हवं — विम, तुला इथे राहायचंय का? दोनदा दारापर्यंत जाऊन परत आले.