नानांनी पाठवलेली सात पुस्तके

॥ श्री ॥

पाचोरा,
१९ एप्रिल १९९२

तीर्थरूप मोतीलाल नाना यांस,

पितांबरचा साडेसात अंगांनी नमस्कार. (साष्टांग लिहायला हात धजत नाही. डाव्या पायाचे गुडघ्याखालचे अंग डॉक्टरांनी जानेवारीत काढून घेतले, हे आपण जाणताच.) आपला खोकला या उन्हाने सुकला असेल अशी आशा करतो. कुंदाअक्काला सांगावे की टाचा दुखतात असे तिने खुशाल कळवत जावे, पण दोन्ही टाचा दुखणे ही एक चैन आहे हे ध्यानात ठेवावे. इकडे पुष्पा बरी आहे, म्हणजे माझ्यापायी दमली आहे आणि कुणाला सांगत नाही.

आपण पाठवलेले पार्सल पोचले. सातही पुस्तके पुष्पाने खाटेजवळच्या स्टुलावर रचून ठेवली आहेत आणि पाण्याचा तांब्या खाली जमिनीवर गेला आहे. (मला वाकून घ्यावा लागतो, तोही व्यायामच.) 'रोज दहा पाने, जेवणानंतर, औषधासारखी' ही आपली चिठ्ठी वाचली. आपण मुख्याध्यापकाच्या खुर्चीवरून निवृत्त झालात, पण आपली चिठ्ठी अजून नोकरीत आहे. सांगितल्याप्रमाणे औषध सुरू केले. निळ्या पुठ्ठ्यातला गृहस्थ एका हाताने समुद्र पोहला. हिरव्या पुठ्ठ्यातली बाई डोळे गेल्यावर पर्वत चढली. तिसऱ्यातल्या इसमाचा तर माझ्यासारखाच पाय गेला आणि चाळिसाव्या पानावर तो कुबड्या फेकून अंगणात चालू लागला. नाना, चाळिसाव्या पानापर्यंत मी अजून एकट्याने संडासला गेलो नव्हतो. या सगळ्या मंडळींवर अकराव्या पानावर संकट येते आणि एकोणिसाव्या पानावर त्यांचा निश्चय होतो. मधल्या आठ पानांत, जो पाय नाही त्याच्या तळव्याला खाज सुटते, ती कुठे खाजवायची, हे एकानेही लिहिलेले नाही. भांडे कोण उचलायचे हेही नाही. आमच्याकडे ते पुष्पा उचलते आणि तिच्यावर पुस्तक निघण्याचा संभव दिसत नाही.

तरी औषधाचा गुण आलाच. गेल्या मंगळवारी दुपारी पुष्पा दळणाला गेली असता त्या तिसऱ्या पुस्तकातल्या इसमाने मला भरीला घातले. वीस वर्षे खो-खो शिकवलेला माणूस मी, म्हटले अंगण ते काय, खांबापासून खांबापर्यंतसुद्धा नाही. दोन्ही कुबड्या भिंतीला टेकवल्या आणि निघालो. तीन उड्या उत्तम झाल्या (मी मोजल्या). चौथीला कपडे वाळत घालायची दोरी धरली आणि ती दोरी, दोन ओली लुगडी आणि मी असे मिळून शेजारच्या भागाबाईंच्या खाटेवर गेलो. त्या खाटेवर पहाटेपासून खपून घातलेल्या ज्वारीच्या बिबड्या वाळत होत्या, अजून मऊ होत्या. माझ्या पाठीला त्या पापडांसारख्या चिकटल्या. भागाबाई धावत आल्या, मला कुठे लागले का ते नीट पाहिले, आणि नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "मास्तर, पडनात ते पडनात, पन मन्ह्या बिबड्याच दिखन्यात का तुमले?" पडायला त्यांच्याच बिबड्या दिसल्या का, हा प्रश्न रास्त होता. संध्याकाळी पुष्पाने ओल्या फडक्याने माझी पाठ सोडवली.  मग स्टुलावरून ते तिसरे पुस्तक उचलून तिने कोठीत ज्वारीच्या पोत्यामागे ठेवले.

इथवरचे आपण अक्काला वाचून दाखवावे, तिला हसू येईल. पुढचे आधी स्वतः वाचावे.

चौथे पुस्तक त्या अमेरिकेतल्या काळ्या धावपटूचे. त्याचे अवयव जागच्या जागी होते, फक्त कातडीचा रंग तिथल्या लोकांना चालत नव्हता. हे मी बुधवारी पुष्पाला मोठ्याने वाचून दाखवत होतो (ती तांदूळ निवडत होती), तेवढ्यात भिकुबाई आल्या. आमच्या शाळेत झाडलोट करतात त्या. दर पंधरा दिवसांनी माझी विचारपूस करायला येतात, उंबऱ्याबाहेर बसतात आणि पायाचे विचारून जातात. त्या म्हणाल्या, "वाचा ना सर, मी बी ऐकस." मग वाचले. संघ परगावी स्पर्धेला गेला आहे. खाणावळीचा मालक सगळ्या पोरांना आत घेतो आणि याला मागच्या दारी, मोरीजवळ ताट देतो. हा तिथे एकटा जेवतो, डोळ्यांतून टिपूस काढत नाही आणि दुसऱ्या दिवशी शर्यत जिंकतो. मला तो भाग फार आवडला. मी तो दोनदा वाचला, दुसऱ्यांदा जरा आवाज चढवून.

भिकुबाईंनी विचारले, "मंग मजारमा बाकीना पोरे जेवनात का?"

आत बसलेली बाकीची पोरे जेवली का, एवढाच त्यांचा प्रश्न. मी पान मागेपुढे करून पाहिले. म्हटले, तसे काही लिहिलेले नाही. त्या म्हणाल्या, "जेवनातच व्हतीन. भूक ते लागेलच ऱ्हास."

नाना, त्यांच्या मनात टोमणा नव्हता. पण मी पुस्तक मिटले, कारण ती खाणावळ मला माहीत होती. आपल्याला शिरपूरची गोष्ट आठवते का? एकोणऐंशी साली आमच्या मुलींनी खानदेशचा करंडक आणला ती. दर पंधरा ऑगस्टला मी ती शाळेत सांगत आलो आहे, आपल्या घरीही दोनदा सांगितली आहे. भिकुबाईंची यशोदा तेव्हा चौदा वर्षांची, माझ्या संघातली सगळ्यांत चपळ मुलगी. अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी गावातल्या एका सधन घरी संघाला जेवणाचे आमंत्रण होते, वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी. दारात यजमानांनी मोठ्या प्रेमाने एकेकीचे आडनाव विचारले. यशोदाचे ऐकल्यावर तिचे ताट पडवीत मांडले, गोठ्याच्या बाजूला. ती तिथे मुकाट्याने जेवली आणि दुसऱ्या दिवशी तिने एका डावात पाच जणी बाद केल्या. मी ही गोष्ट अशीच सांगतो, मुले टाळ्या वाजवतात, मीही वाजवतो.

त्या गोष्टीत मी कुठे होतो हे तेरा वर्षांत मला कुणी विचारले नाही. मी आत होतो. ताट बाहेर जाताना मी पाहिले. मनात आले की उद्या सामना आहे, आता बोलून यजमानांचा अपमान कशाला करा, आणि पोरगी समजूतदार आहे. मग मी जेवलो. चार बट्ट्या खाल्ल्या आणि वरून तूप मागून घेतले. तिची जिद्द मी गावभर सांगितली, तूप मात्र गाळले.

पुष्पा तांदूळ निवडायची थांबली होती. तिला पडवीचे ठाऊक होते, माझ्या पंगतीचे तिने कधी विचारले नव्हते. मी भिकुबाईंना म्हटले, "त्या पडवीचे यशोदाने तुम्हाला सांगितले असेल." त्या म्हणाल्या, "सांगं ना तिन्ही. म्हने, माय, सर बी मजारच व्हतात." पुढे म्हणाल्या, "आते धुळाले शे ती. पोरीस्ले खेळच शिकाडस. तुमना पाय गया हाई ऐकीसन रडनी."

माझ्यासाठी ती रडली हे ऐकून मला बरे वाटायला हवे होते. वाटले नाही. मी भिकुबाईंना म्हटले, आत या, खाटेजवळ बसा. त्या म्हणाल्या, "आठेच बरं शे, वारा लागस." आणि वारा खरोखरच होता. तेव्हा मीच निघालो. या खेपेला कुबड्या घेतल्या, भिंत धरली, पुष्पाने पाठीमागून बंडी धरली. सात पावलांचे अंतर, मध्ये दोनदा थांबलो. उंबऱ्याशी टेकलो आणि कसाबसा भिकुबाईंशेजारी खाली बसलो. पुष्पाने तिघांचा चहा तिथेच आणला. भिकुबाई अवघडल्या होत्या, मीही होतो. आम्ही यंदाच्या उन्हाळ्याबद्दल बोललो. शिरपूरचे नाव कुणीच काढले नाही. चहा संपल्यावर मला उठता येईना, मग पुष्पाने एका काखेत आणि भिकुबाईंनी दुसऱ्या काखेत हात घालून मला उभे केले. भिकुबाईंची पकड चांगली आहे, त्यांच्या लेकीचा खेळ कुठून आला ते कळले. खाटेपर्यंत त्या आल्या, आणि माझी उशी सरळ करून लगेच बाहेर गेल्या.

तर पुस्तकांचा अनुभव हा असा. ती वाईट आहेत असे मी म्हणत नाही. पण ज्याने सोसले त्याच्यावरच ती लिहिलेली असतात, आणि वाचणारा प्रत्येक जण स्वतःला तोच समजतो. माझा पाय गेल्यापासून मलाही तसेच वाटत होते. आता वाचताना मी आधी आत कोण बसले आहे ते शोधतो.

अक्कास नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
पितांबर

ता. क. कृपा करून आणखी पुस्तके पाठवू नयेत. स्टुलावर जागा नाही.

ता. क. २. त्या धावपटूच्या पुस्तकाची शेवटची काही पाने वाळवीने खाल्ली आहेत. आपल्या वाचनालयात दुसरी प्रत असल्यास पाहून कळवावे, संघातला कुणी पुढे कधी त्याच्याकडे गेला का. नसल्यास तसेही कळवावे.

ता. क. ३. यशोदाला मी तीन पत्रे लिहिली आणि तिन्ही फाडली. प्रत्येक वेळी पत्र दुसऱ्या पानावर पंधरा ऑगस्टचे भाषण होते. तेव्हा आपणच जावे. ती धुळ्यात आपल्या पेठेमागच्या मुलींच्या शाळेत शिकवते असे भिकुबाईंकडून कळले. तिला एवढेच विचारावे की पितांबर सरांनी घरी आलेले चालेल का. पायाचा विषय काढू नये, नाहीतर ती दयेने हो म्हणेल. नाही म्हणाली तर मला स्पष्ट नाही असेच कळवावे, मला वाईट वाटेल म्हणून आपल्या पदरचे काही घालू नये.

ता. क. ४. हो म्हणाली तर मी आठ दिवसांत एस. टी. ने निघतो. नव्या पायाचे माप द्यायला धुळ्यालाच जावे लागते, असे मी पुष्पाला सांगून ठेवले आहे. ते माप जळगावलाही घेतात. मला वाटते, तिला ते माहीत आहे. काल ती माझी प्रवासाची पिशवी धुऊन वाळत घालत होती.