रूम फुल्ल

१२ एप्रिल २००७, दुपार
आज पुन्हा मला वगळून मॅच सुरू. जॉइनवर क्लिक केलं, तर 'रूम फुल्ल'. कॉम्प्युटर माझे, नेटचं बिल माझं, सिंदी मेघेतला हा कॅफे माझा, आणि बाहेर मीच. पोरांचा दोष नाही. पद्धतच जंगली आहे. ज्याचं बोट आधी, त्याची जागा. पोरं इंजिनियरिंगची, माझं बोट बेचाळीस वर्षांचं. हे सुधारायला हवं.
२९ला रविवारी हिंगणघाटच्या कॅफेशी ऑनलाइन बंदूकबाजीची मॅच. आपले पाच जण. पाचांत मी. हे ठरलं. पोरांना अजून सांगितलेलं नाही.

१४ एप्रिल
नवी पद्धत लागू. रेल्वे रिझर्व्हेशनसारखी रांग. शटर मीच उघडतो, त्यामुळे पहिला नंबर माझा. मॅच सुरू होणार तोच लाइट गेली. आली तेव्हा एक बाई रेल्वेचं तिकीट काढायला उभ्या. त्यांचं तिकीट निघेपर्यंत माझ्या जागेवर निकेश. हा पोरांचा म्होरक्या. म्हणाला, काकाजी, तुमी गिऱ्हाईक पाहा ना, आमी हावो इथं. समजूतदार मुलगा आहे.

१७ एप्रिल
रांग रद्द. आता दर्जा. अ, ब, क. बरोबरीच्यांची गाठ बरोबरीच्यांशी, म्हणजे नवे लोक रडत घरी जाणार नाहीत. स्वतःला 'अ' दिला, वय धरून. 'अ'ची मॅच सुरू होताच मेलो. माउसचा बॉल मळला होता. साफ केला. मेलो. कूलरची हवा थेट डोळ्यांत येत होती.

१८ एप्रिल
कूलर सरकवला. मेलो.

२१ एप्रिल
दर्जा तूर्त स्थगित. आता दोन कॅप्टन, आळीपाळीने एकेक खेळाडू निवडायचा. शेवटी मी उरलो आणि दोघं माझ्यावरून भांडले! निकेश म्हणे, काकाजीले तुमी घ्या. दुसरा कॅप्टन पियुष म्हणे, नाई बा, मागच्या टायमाले आमीच घेतलं होतं. एवढा मान मिळेल असं वाटलं नव्हतं. सुलोचनाला सांगितलं. ती भाजी निवडत म्हणाली, काऊन जीवाले तरास करून राह्यले? बायकोला टेक्निकल गोष्टी कळत नाहीत.

२७ एप्रिल
हिंगणघाटसाठी निवड. माझाच नियम: आठवडाभरातल्या गुणांनुसार पहिले पाच. मी सहावा आलो. निवडीला बसलेले एकूण सहाच होते.
नियम माझाच, बोलणार काय? शटर ओढलं. फार थकलो आहे. सोमवारपासून गेम बंद. कॅफेत फक्त तिकिटं, बायोडाटा आणि झेरॉक्स.

२९ एप्रिल, संध्याकाळ
घेतलं! निकेश आपण होऊन म्हणाला, काकाजी, बसा तुमी बी. आम्ही सहा, ते पाच, तरी हिंगणघाटची हरकत नाही. मी एकदाही मेलो नाही. समोरचे यायचे, मला बघायचे आणि बाजूने निघून जायचे. दहशत! मी मात्र दिसेल त्याच्यावर गोळ्या झाडत सुटलो. मॅच जिंकली. सगळ्यांना समोसे. गेम बंद करण्याचा निर्णय मागे.

३० एप्रिल
हिंगणघाटच्या कॅफेवाल्या ओमप्रकाशला फोन केला. म्हटलं, जागा भरल्यावरही सहावा माणूस आत घेता, ही सिस्टीम कोणती? आपल्याकडेही बसवायची होती. तो हसायला लागला. म्हणाला, सिस्टीम कायची भाऊ? तुमच्या निकेशचा फोन आलता. आमचे काकाजी कच्चा लिंबू हायेत म्हणे, त्यायले कोनी मारू नोका, अन् त्यायनं मारलेलं मोजू नोका. मग त्याने विचारलं, तुमाले मालूम नोतं का?
मालूम होतं, म्हणालो.
जेवण गेलं नाही. लहानपणी धाकट्या भावाला आम्ही खेळात असंच घ्यायचो. त्याने रडत आईकडे जाऊ नये म्हणून. तोही किती जोरात पळायचा!
संध्याकाळी निकेश आला. काकाजी, रविवारी आर्वीवाल्यायसंग मॅच हाय, येता का, असं विचारलं. त्याचं विचारून व्हायच्या आत मी हो म्हणालो होतो.