अर्धी ठेवायची बॅटरी

९ मार्च
ड्रोन पेटीतून काढला. सहावं वर्ष लागलं याला! नुओरो शहरातला दुकानदार तेव्हा म्हणाला होता, "तीन वर्षं चालेल, बाई. जपलात तर पाच." जपलाच आहे मी. दर रविवारी चर्चहून आले की मऊ ब्रशने मोटारींतली धूळ काढते, पाती बोटाने चाचपते. तडा दिसला की नवी पाती.

प्रेदु म्हणतो, "नवऱ्याच्या गुडघ्याला कधी एवढं जपलं नाहीस!"
मेल्याला रोज तेल चोळते मी!

त्याचा गुडघा गेल्यापासून दोन वर्षं डोंगरावरच्या गाई आम्ही अंगणातूनच ड्रोनने बघतो. एखादी भरकटली की दिराला फोन. झकास चाललंय.

१० मार्च
घात झाला! तीनपैकी दोन बॅटऱ्या फुगल्या.

हिवाळ्यात त्या अर्ध्याच चार्ज करून ठेवायच्या असतात. नोव्हेंबरात मी बहिणीकडे होते, पेटी प्रेदुने आवरली. अर्ध्या दिसल्या म्हणून काठोकाठ भरल्या!
"अर्धं पिंप ठेवलं की वाईन आंबते. आमच्या बाबांनी कधी ठेवलं नाही."
अरे, ही काय वाईन आहे? भांडणारच होते. पण त्याचा पडलेला चेहरा बघून हसूच फुटलं. तिसरी वाचली, तीसुद्धा मध्येच वीज गेली म्हणून.

१४ मार्च
या ड्रोनच्या बॅटऱ्या आता बनतच नाहीत म्हणे. नवा ड्रोन घेऊ म्हटलं, तर प्रेदु ऐकेना.
"हा थांबला की गाई विकू. पोरगी काल्यारीला शहरात बोलावतेच आहे."
असं म्हणाला आणि ताटातलं चीज तसंच ठेवून उठला. चीज ठेवणारा माणूस नाही तो. काल्यारीत पोरीच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात काय करणार आम्ही?

२९ मार्च
गाई डोंगरावर गेल्या. एकुलती एक बॅटरी, म्हणून आठवड्याला एकच फेरी. वीस मिनिटं. सगळ्या बावीस दिसल्या. गाभण मुरीनाचं पोट केवढं झालंय!

एरवी प्रेदु स्क्रीनमध्ये डोकं खुपसतो. हल्ली म्हणतो, "तूच बघ, मी पत्ते खेळायला जातो."

५ एप्रिल
रोज पत्ते! आणि बुटांना हा एवढा चिखल? विचारलं तर म्हणे, "रस्ता खराब आहे." रात्री तेल चोळताना पाय लाकडासारखा घट्ट लागला. आणखी थोडं तेल ओतलं.

१० एप्रिल
मुरीनाच्या काळजीने राहवेना. ठरलेला वार मोडून ड्रोन उडवला. ती व्याली होती! वासरू लटपटत उभं, आणि शेजारी काठी टेकून, स्वतःच्या सदऱ्याने त्याला पुसत — प्रेदु!

आवाज ऐकून त्याने वर पाहिलं. चोरी पकडल्यासारखा हसला, टोपी काढून हलवली.

ड्रोन उतरवला. बॅटरी अर्धी उरली होती. तशीच पेटीत ठेवली आणि तेल गरम करायला घेतलं.