सुनेने सासऱ्यासमोर खुर्चीत बसण्याबाबत

प्रति,
मा. तालुका आरोग्य अधिकारी,
पंचायत समिती, गेवराई, जि. बीड

अर्जदार : भगवानराव सटवाजी चाळक, रा. तलवाडा

विषय : सुनेने खुर्चीत पाठ टेकून ताठ बसावे, यासाठी लेखी हुकूम मिळणेबाबत.
संदर्भ : आमच्या गावच्या शाळेत झालेले मान-पाठ तपासणी शिबिर.

महोदया,

सदर शिबिरात आपण अर्जदाराची सून मंगल हिला तपासले. उजव्या हाताला मुंग्या येतात, दुधाचे पातेले हातातून सुटते, हे तिने आपणास सांगितले. घरी कोणाला सांगितले नव्हते. वाकून राहणे सोडा, पाठ टेकून व मान सरळ ठेवून खुर्चीत बसत जा, नाहीतर हात कायमचा जाईल, असे आपण बजावले. अर्जदाराने त्याच आठवड्यात गेवराईहून उंच पाठीची खुर्ची आणून ओसरीत ठेवली. तिच्यावर आजतागायत मांजर बसते.

कारण असे की, आमच्यात सासरा दारात खाकरतो आणि सून उठते, पदर कपाळावर ओढते, मान खाली घालते व वाकून आत जाते. त्यातून अर्जदारास तंबाखूचा खोकला. म्हणजे ही बाई वाकली ती अर्जदाराच्या घशापायी. हे ध्यानात आल्यापासून त्यास घास गोड लागत नाही.

"बस पोरी, डॉक्टरीणबाईनं सांगितलंय," असे अर्जदाराने स्वतः म्हणून पाहिले. तिने पदर नाकापर्यंत ओढला व ती भुईवर बसली, तीही पहिल्यापेक्षा जास्त वाकून. अर्जदाराची पत्नी केसरबाई हिने, "सासऱ्यापुढं खुर्चीत? मंग मी काय माळ्यावर बसू?" असे विचारून विषय संपवला. अर्जदार मग दिवसभर मारुतीच्या पारावर बसू लागला, तर सुनेने म्हाताऱ्याला घराबाहेर काढले असा गावाने बोभाटा केला. दुखणे तिचे आणि बदनामीही तिचीच. सबब तेही सोडावे लागले.

शेवटी अर्जदाराने खाकरणेच बंद केले. यात स्वतः फार अक्कल चालवली असे त्यास वाटले. गेल्या सोमवारी तो चपला हातात घेऊन, आवाज न करता ओसरीत शिरला. मंगल चक्क खुर्चीत बसली होती. पाठ टेकलेली, मान सरळ, डोळे मिटलेले. लग्न होऊन आल्यापासून अर्जदाराने तिला इतकी ताठ पाहिली नव्हती, म्हणून तो बघत उभा राहिला, आणि तिथेच चुकले. तिने डोळे उघडले, दचकून उठली, पदरासाठी झटक्यात वळली आणि पाठीत अशी उसण भरली की जागीच बसली. "मामा, खाकरून तरी यायचं हुतं वो, लई दुखतंय," एवढेच ती म्हणाली. तेव्हापासून अंथरुणात आहे. अर्जदाराचा हेतू चांगला होता, परंतु हेतूने पाठ शेकली जात नाही. त्यास तिच्या खोलीकडे बघण्याची लाज वाटते.

तरी विनंती की, तोंडी सांगण्याला आमच्या घरात कोणी भीक घालत नाही, सरकारी शिक्क्याला मात्र केसरबाईही भिते. म्हणून शिक्क्यासह हुकूम द्यावा. तो मंगलच्या नावे काढू नये. या घरात तिने आजवर हुकूमच पाळले आहेत. तो अर्जदाराच्या नावे काढावा, व त्यात स्पष्ट लिहावे की, सून खुर्चीत बसेपर्यंत सासऱ्याने उभे राहावे.

हुकुमाची वाट पाहणारा,
(सही)
भगवानराव सटवाजी चाळक
तलवाडा, दि. १८ जुलै २०२५