आग्नेय कोपऱ्यातले भोक

प्रति,
मा. तक्रार अधिकारी,
सुट्टीघर मालक संघ,
नायमेखनजवळील जंगल वसाहत.

विषय : केबिन क्र. ४१ च्या स्लॅबला गेलेल्या तड्याचा खरा कसूरदार कळविणेबाबत.
संदर्भ : अर्जदाराचा मुलगा कुणाल याची श्रीमती देकर यांच्याविरुद्धची तक्रार, दि. २ फेब्रुवारी.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार मोरेश्वर आठल्ये, वय ७३, निवृत्त हेडक्लार्क, सार्वजनिक बांधकाम विभाग, पुणे, सादर करतो की, सदर तडा श्रीमती देकर यांच्यामुळे गेलेला नाही. तो अर्जदारामुळे गेला आहे.

१. कुणालने ही जुनी लाकडी केबिन नोव्हेंबरात श्रीमती देकर यांच्याकडून विकत घेतली. तिला पाया नाही, खाली नुसता काँक्रीटचा स्लॅब. डिसेंबरात अर्जदार पुण्याहून इकडे परदेशी मुलाकडे आला, तेव्हा बाईंनी कॉफी आणि एकच बिस्किट देऊन जुने फोटो दाखविले. त्यांच्या दिवंगत यजमानांनी तो स्लॅब भावाच्या मदतीने स्वतःच्या हातांनी घातला होता. इतका एकसंध स्लॅब आमच्या खात्याच्या कंत्राटदारांना जन्मात जमला नाही, असे अर्जदार म्हणाला. कुणालने ते डचमध्ये सांगताच बाईंचे डोळे भरून आले.

२. मार्गशीर्षात वास्तुशांत झाली. वास्तुपुरुषाची प्रतिमा आग्नेय कोपऱ्यात पुरायची असते. गुरुजींनी पुण्याहून व्हिडिओ कॉलवर स्पष्ट सांगितले होते, की स्लॅब फोडू नका, कुंडीतल्या मातीत ठेवली तरी चालते. पण कुंडीतला वास्तुपुरुष अर्जदारास पटेना. चाळीस वर्षे बांधकामाच्या फायली हाताळल्यामुळे आपणास बांधकामही येते, असा त्याचा समज होता. हातात कधी थापी धरली नव्हती, ही बाब अलाहिदा.

३. कुणाल ऑफिसला गेल्यावर अर्जदाराने छिन्नी-हातोड्याने फूटभर भोक पाडले. त्यात पाण्याचा पाइप दुखावला. जरा ओल दिसली, ती मातीचीच असेल अशी स्वतःची समजूत घातली. प्रतिमा ठेवली, सिमेंट लिंपले, वर सतरंजी टाकली. झिरपलेले पाणी जानेवारीच्या थंडीने स्लॅबखाली गोठून फुगले आणि त्याच कोपऱ्यातून थेट दारापर्यंत तडा गेला.

४. कुणालला वाटले, बाईंनी जुना दोष लपवून घर गळ्यात मारले. त्याने रागारागाने तक्रार टाइप केली, तेव्हा अर्जदार समोर पोहे खात होता. अर्जदाराने बशी संपविली आणि आणखी पोहे वाढून घेतले.

५. दि. १२ रोजी आपण पाहणीस आलात. बाई थंडीवाऱ्यात सायकलवर आल्या. गुडघे टेकून बसल्या आणि तड्यावरून हात फिरवीत काही बोलल्या. कुणालने ते तुटकपणे मराठीत सांगितले : माझा नवरा लबाड नव्हता, असं म्हणतात. महोदय, अर्जदार त्या वेळी सतरंजीवर उभा होता. मुद्दाम. आपण तिथून सरकण्याची खूण केलीत, तर गुडघा धरल्याचे सोंग केले आणि कुणालने म्हाताऱ्या बापासाठी धावत खुर्ची आणली. त्या खुर्चीवर बसताना अर्जदारास जी लाज वाटली, तशी आयुष्यात कधी वाटली नव्हती.

६. आठ दिवस रोज ठरवूनही हे कुणालला तोंडाने सांगणे झालेले नाही. त्याने बाईंना फोनवर खोटारड्या म्हटले, तेही या बापाच्या गप्प बसण्यामुळे. आयुष्यभर दुसऱ्यांचे खुलासे मागविले, स्वतःचा हा पहिलाच.

सबब विनंती की, श्रीमती देकर यांना निर्दोष ठरवून तसे लेखी कळवावे. त्यांच्या यजमानांचा स्लॅब उत्तम होता, हे वाक्य त्यात अवश्य असावे. अर्जदार १ मार्चला परत जाणार आहे, त्याआधी बाईंच्या दारी जाऊन माफी मागण्याची परवानगी मिळावी. त्यांनी दार उघडले नाही, तरी तक्रार नाही.

आपला व श्रीमती देकर यांचा अपराधी,
मो. वि. आठल्ये
दि. २० फेब्रुवारी २०२६

सोबत : सतरंजी काढून घेतलेला फोटो, एक.

प्रत : चि. कुणाल यास, माहितीसाठी व डच भाषांतरासाठी. बाप आहे म्हणून एकही शब्द सौम्य करू नये.