किल्ल्यांना लावलेली सही

प्रिय रूपेश,

पुन्हा पासवर्ड चुकला. तुमच्या गाडीचा नंबर टाकून झाला, आईंचं नाव टाकून झालं, विकलेल्या बैलाचंही. माझं नाव टाकावं हे मला सुचलं नाही. तुम्हालाही सुचलं नसणार. आता माझ्या डिजिटल सहीचं ते पेनड्राइव्हसारखं डोंगल लॉक झालं आहे.

आज तुम्ही त्या बंगलेवाल्यांच्या गाडीतून गेलात, म्हणून किल्ल्या घरी राहिल्या आणि त्यांना अडकवलेलं डोंगल हाताला लागलं. तालुक्याच्या बैठकीला बघते ना मी: सरपंच बायका आत, नवरे बाहेर, आणि प्रत्येकाच्या बोटाभोवती फिरणाऱ्या किल्ल्यांत एक डोंगल. मीच दिलं होतं तुम्हाला. घरात हरवेल म्हणून. एवढी माझी अक्कल.

दुपारी वाडीवरची पारू कागद घेऊन आली. वाडीच्या रस्त्यावर बंगलेवाल्यांनी गेट बसवायला पंचायतीची हरकत नाही. खाली सरपंच म्हणून माझं नाव, मंगळवार, सकाळी अकरा चाळीस. 'ताई, तुमीच सही केली. आता आमी पान्याला उडत जायाचं का?' मंगळवारी अकरा चाळीसला मी दहिवलीत तुमच्याच आईंना घेऊन दातांच्या डॉक्टरकडे बसले होते. तसं सांगितलं. पारू हसली. 'मंग तुमचा हात हितं एकटाच आल्ता वाटतं.'

पंचायतीत कॉम्प्युटरवर बसणाऱ्या कमलेशला विचारलं. 'वहिनी, डोंगल खरं, पासवर्ड खरा, म्हणजे सही तुमचीच. लावलं कोणी ते मशीनला काय दिसतंय?' वर सल्ला, 'दादांना विचारा ना.' दोन वर्षं तेच करते आहे. डोंगल मिळताना कॅमेऱ्यासमोर स्वतःचं नाव सांगायचं होतं; तेही तुम्ही बाजूला उभं राहून सांगत होतात.

तोंडी बोलले तर तुम्ही 'चहा टाक' म्हणाल, आणि मी टाकेन. म्हणून लिहिते आहे. उद्या कर्जतला पंचायत समितीत अर्ज देणार: ही सही रद्द करा, गेटला परवानगी मी दिलेली नाही. मग कोणी दिली, असं ते विचारतील. मी सांगणार. तुमच्यावर गुन्हा होऊ शकतो. तुम्ही स्वतः येऊन कबूल केलंत तर मी शेजारी उभी राहीन. नाही आलात तरी मी जाणार.

तरीही तुमचीच,
सुनिता

सकाळी: पत्र वाचून, घडी घालून तुम्ही जागेवर ठेवलंत आणि कर्जतऐवजी नेरळला गेलात. मी सव्वादहाला अर्ज दिला. त्यात तुमचं नाव लिहिलं.