ताईच्या ट्रॅक्टरचा बुडालेला फ्लोट

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (प्रत्यक्ष वाकलो नाही. मंगळवारी तुझ्या ट्रॅक्टरखाली वाकलो, तेव्हापासून कंबर माझ्याशी बोलत नाही. नमस्कार पोचला असं समज.) तुझा खुबा कसा आहे? नवीन भाग जुन्या भागांशी जुळवून घ्यायला वेळ लावतोच, हे मी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस म्हणून सांगतो. फक्त आतून टिकटिक ऐकू यायला लागली तर डॉक्टरांना दाखव. तुझ्या चिरंजीवाच्या सातव्या मजल्यावर हवा चांगली असेल, पण तुला ओरडायला कुणी सापडत नसेल, म्हणून तब्येतीला जप. इकडे आम्ही दोघं मजेत आहोत. तुझी भावजय ठणठणीत आहे आणि तिचा आवाज तिच्याहून ठणठणीत आहे.

आता मुद्दा. मागच्या आठवड्यात तू फोनवर निकाल दिलास की रविवारी चिरंजीव भंगारवाल्याला घेऊन येईल, त्या दिवशी ट्रॅक्टर स्वतःच्या चाकांनी शेडबाहेर आला तर राहील, नाहीतर जाऊ दे. वर म्हणालीस, ट्रॅक्टरच गेल्यावर मी तरी तिकडे येऊन काय करू, इथेच राहीन म्हणते. आणि फोन ठेवलास. ताई, तुझे निकाल मी जन्मापासून ऐकत आलोय आणि एकही माझ्या बाजूने लागलेला नाही. पण हा ऐकून तुझ्या भावजयीने दोन दिवस भांडी आपटली. मला भांडी आपटायची परवानगी नाही, म्हणून मी शेडमध्ये गेलो आणि ज्याला तीस वर्षं तू मला बोट लावू दिलं नाहीस त्या ट्रॅक्टरला हात घातला.

दुखणं तुझ्या वेळचंच होतं. पेट्रोल थेंब थेंब गळतंय, इंजिन दोनदा खोकतं आणि मान टाकतं. तू जायच्या आधी खाली एक पातेली लावली होतीस. मी रोज संध्याकाळी पातेलीतलं पेट्रोल पुन्हा टाकीत ओतत होतो आणि ते इमानेइतबारे पुन्हा पातेलीत येत होतं. ही व्यवस्था मला पटली होती. कुणाचंच नुकसान नव्हतं. पण तिच्यामुळे ट्रॅक्टर चालत नव्हता, हे तुझ्या भावजयीने लक्षात आणून दिलं. (तिला माझ्या प्रत्येक योजनेतली अशी एखादी क्षुल्लक उणीव बरोबर दिसते.)

मग मी कार्ब्युरेटर काढला आणि जेवणाच्या टेबलावर पांढरं फडकं अंथरून उघडला. तुला सगळं ठाऊक आहे, पण मला परवाच कळलंय, त्यामुळे सांगितल्याशिवाय राहवत नाही. आत एक छोटी वाटी असते. वाटीत पितळेची पोकळ डबी तरंगते, तोच फ्लोट. वाटी भरत आली की डबी वर येते आणि पेट्रोलची वाट बंद करते. पाण्याच्या टाकीत जो गोळा असतो ना, त्याचं हे सुशिक्षित भावंड. मी डबी कानाशी धरून हलवली तर आत खुळखुळ! म्हणजे डबीला कुठेतरी भोक होतं, ती पेट्रोल पिऊन तळाशी जाऊन पडत होती आणि वाट सताड उघडी राहत होती. घरातलं एक माणूस पिऊन पडलं की दार कोण लावणार, तसली गत. सुटे केलेले तेवीस भाग मी आमच्या धंद्याच्या रीतीप्रमाणे बशांत ठेवून वर पेले पालथे घातले, धूळ बसू नये म्हणून. त्या दिवशी आम्ही तांब्याने पाणी प्यालो आणि शेगडीवर जेवलो. शेगडीवर म्हणजे शेगडीशेजारी उभं राहून, तुझा जीव वर यायला नको.

भोक शोधायची युक्ती सोपी आहे. डबी गरम पाण्यात बुडवायची, आतली हवा फुगते आणि भोकातून बुडबुडे येतात. मी हाताला आलं ते भांडं घेतलं. ते दुधाचं होतं, हे मला नंतर समजलं. सांध्याजवळून मोहरीएवढे बुडबुडे आले आणि मला इतका आनंद झाला की मी डोळ्याला लावलेल्या भिंगासकट टेबलाभोवती नाचलो. त्यानंतर दोन दिवस आमच्या चहाला पेट्रोलचा वास येत होता. तुझी भावजय म्हणाली की आता तुम्हीच चहा पिऊन रविवारी शेडबाहेर पळा, ट्रॅक्टरची गरज नाही.

आता डबीला डाग द्यायचा होता, म्हणजे कथील वितळवून भोक बुजवायचं होतं. तुझी भावजय म्हणाली की आधी आतलं पेट्रोल पूर्ण जाऊ द्या, आणखी अर्धा तास गरम पाण्यात ठेवा. आयुष्यभर ज्याने केसाएवढ्या स्प्रिंगा जागेवर बसवल्या त्याला अर्धा तास सांगायचा म्हणजे काय! मी दोन मिनिटांत डबी काढली आणि तापलेली काडी टेकवली. फट्! डबी उडाली ती थेट भिंतीवरच्या घड्याळावर आदळली आणि माझी डावी भुवई तिच्यासोबत गेली. घड्याळ अजून चालू आहे (ते मी दुरुस्त केलेलं होतं, याची नोंद घे). भुवई येतेय म्हणतात. तोपर्यंत माझ्या चेहऱ्यावर एका बाजूने सदा शंका दिसते, पण बाकी चेहरा शाबूत आहे. मग मी अर्धा तास नव्हे, पाऊण तास थांबलो. कुणी सांगितलं म्हणून नव्हे.

पुढे जे झालं ते मात्र माझ्या हातून झालं, हे कबूल करतो. डाग उत्तम बसला. भोक बंद. पण डागाचा एक गुठळा वर राहिला होता, आणि ताई, माझ्याच्याने तो बघवेना. पितळेवर असा ओबडधोबड फोड ठेवून मी आजवर एक वस्तू दुकानाबाहेर जाऊ दिलेली नाही. शिवाय गुठळ्याने डबी जड होईल, असं एक शास्त्रशुद्ध कारणही मला सुचलं. मी बारीक कानस घेतली. मग पॉलिश घेतलं. असं घासलं, असं घासलं की डबीत मला माझी उरलेली भुवई दिसायला लागली. पाण्यात टाकली तर बुडबुडे, आणि आधीपेक्षा जोमाने! गुठळा गेला होता आणि त्याच्याबरोबर भोवतीचं पितळही. पुन्हा डाग दिला, पुन्हा गुठळा आला, पुन्हा मला बघवेना. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा तुझी भावजय माझ्या पाठीशी उभी राहून म्हणाली, अहो, कार्ब्युरेटरच्या पोटात बघायला कोण येणार आहे? प्रश्न बिनतोड होता, म्हणून मी डोळ्यावरचं भिंग आणखी घट्ट बसवलं.

असो. शेवटी संयम राखून डाग दिला गेला आणि गुठळा जसाच्या तसा ठेवला गेला. डबी रात्रभर पाण्यात तरंगली. आज शनिवारी सकाळी सगळं जोडलं, तेविसाच्या तेवीस भाग लागले, वर एक उरला. (तो कदाचित आमच्या मिक्सरचा असावा, कारण मिक्सर बंद आहे.) हँडल मारलं. पहिल्यांदा नाही, दुसऱ्यांदा नाही, सातव्यांदा तुझा ट्रॅक्टर असा काही गरजला की शेजारच्यांचं कुत्रं कुंपणावरून गेलं. चहा उकळेपर्यंत चालू ठेवला. पातेलीत एक थेंब नाही! मी पातेली उचलून उलटी करून पाहिली. ताई, तुझा धाकटा भाऊ अगदीच वाया गेलेला नाही. तेव्हा निर्धास्त राहा. उद्या चिरंजीवाच्या आणि भंगारवाल्याच्या डोळ्यांदेखत ट्रॅक्टर डौलात बाहेर येईल आणि तुझा निकाल तुला पाळावा लागेल.

तुझा,
धाकटा

ता. क. वन्सं, नमस्कार. हे अंघोळीला गेलेत म्हणून पत्र वाचलं. 'डाग दिला गेला' आणि 'गुठळा ठेवला गेला' असं लिहिलंय, कुणी ते गाळलंय. मी दिला. ह्यांना बाहेरच्या खोलीत बसवलं, दाराला कडी घातली, आणि कानस नि पॉलिश माझ्या कपाटात कुलूप लावून ठेवलं. रात्री दोनदा हे 'एकदाच जरा हात फिरवतो' म्हणून किल्ली मागायला आले होते. दुधाचं भांडं मी फेकलं. काळजी घ्या.

ता. क. २. आता रविवारची संध्याकाळ आहे. वरचा ताजा कलम मी वाचला आणि तसाच राहू दिलाय. पत्र टपालात टाकलं नाही, चिरंजीवच घेऊन येतोय, म्हणून आजची हकिकत जोडतो. तुझा मुलगा आणि भंगारवाला दहा वाजता आले. ट्रॅक्टर चौथ्या हँडलला चालू झाला. मी सीटवर बसलो. तू कशी बसायचीस तसाच, पाठ ताठ ठेवून. क्लच दाबला, गिअर टाकला, चिरंजीवाकडे बघून हात हलवला आणि क्लच सोडला. ताई, पुढचा गिअर आणि मागचा गिअर इतके जवळजवळ असतात हे कुणीतरी सांगायला हवं होतं. ट्रॅक्टर शेडबाहेर आला. स्वतःच्या चाकांनी आला. फक्त दारातून नाही, मागच्या भिंतीतून. विटांचा ढीग, वर मी, आणि इंजिन मजेत चालू. ते बंद कसं करतात हे मला ठाऊक नव्हतं. तुझ्या भावजयीने येऊन पेट्रोलचा नळ फिरवला. भंगारवाल्याने वाकून कार्ब्युरेटर पाहिला, पुसून पाहिला. एक थेंब गळत नव्हता. त्याने हे असलं काम पहिल्यांदाच पाहिलं म्हणे, आणि तो ट्रॅक्टर न घेताच परत गेला. कोणत्या कामाबद्दल बोलला, हे मी विचारलं नाही.

ता. क. ३. (हे चिरंजीवाला दाखवू नकोस. पाकीट मी डिंकाने चिकटवलंय.) तो आधी इतका हसला की विटांवर बसून राहिला. मग सीटवर चढला, स्टिअरिंग धरलं, आणि चांगला चाळिशीचा घोडा ओक्साबोक्शी रडला. म्हणाला, मामा, आई तिकडे दिवसभर खिडकीशी बसते, कुणाला रागवतसुद्धा नाही. हे ऐकून मला भिंत पडली तेव्हाही वाटली नव्हती एवढी भीती वाटली. ताई, तू नाहीस तर इथे करमत नाही, हे फोनवर बोलायला जमत नाही म्हणून हे एवढं लांबलचक लिहिलं, ट्रॅक्टर हे निमित्त. निकालात दार असा शब्द तू वापरला नव्हतास, तेव्हा ट्रॅक्टर राहिला आणि तूही यायचंस. गवंडी उद्याच यायला तयार होता, मी त्याला थांबवलंय. तू अंगणात खुर्ची टाकून बसल्याशिवाय एक वीट चढणार नाही. चालवायचं नाव काढू नकोस, नुसती बस आणि आम्हाला शिव्या घाल, शिव्या घालायला खुबा लागत नाही. चिरंजीव येत्या रविवारी तुला घेऊन निघतोय. पिशवी भरून ठेव.